बेचाळिसावा धवला

ठाकुर्ली (पूर्व)
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. करिश्मा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. उत्तर लगेच द्यायला हवं होतं. पण तू एका ओळीत विचारलेल्या प्रश्नाला मला एका ओळीत उत्तर देता येत नाही, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे. म्हणून मेलवर पत्रच लिहितोय.

आम्ही ठीक आहोत. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. रसिका लग्नानंतर नाशिकला असते, महिन्याकाठी येते आणि माझं कपाट आवरून जाते. मग पुढचा महिना मला काही सापडत नाही. सकाळी चालायला जातो. एक गुडघा कुरकुरतो, दुसरा त्याचं ऐकून घेतो.

तुमच्या घरातल्या नयनचं लग्न ठरलं हे वाचून बरं वाटलं. तीन डिसेंबरला हळद, म्हणजे हातात पुरता महिनाही नाही. धवले तू म्हणायचे असं तुझ्या मनात आहे आणि शेवंतीकाकी आडव्या आल्या आहेत, हे वाचून मात्र मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. धवला म्हणजे काय हे मला तूच शिकवलंस. मी कोकणातला, आमच्याकडे लग्नात भटजी बोलतात आणि बाकीचे गप्पा मारतात. तुमच्याकडे आगरी लग्नाचा एकेक विधी गाण्यावर पुढे सरकतो, आणि ती गाणी म्हणणारी धवलारीण उठली की मोठमोठे बाप्ये गप्प बसतात, हे मी शीळफाट्याजवळच्या तुमच्या घरी पहिल्यांदा पाहिलं. तुझी आजी कमळाबाई उभी राहिली होती आणि कुणीतरी डीजेवाल्याला नुसत्या हाताने थांबवलं होतं.

काकींचं म्हणणं असं की आधीच्या धवलारणीने तोंडाने दिल्याशिवाय दुसरीने मांडवात उभं राहायचं नाही, ही घरची रीत. आणि कमळाबाईंनी कुणाला काही दिलं नाही, दिलं असतं तर आपण केलेल्या त्यांच्या धवल्यांच्या पुस्तकात आलं असतं. तुझं म्हणणं, दिलं. तू केलेल्या आजीच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये, बेचाळिसाव्या धवल्यात ते शब्द होते. तू ऐकून टाइप केले होतेस. पुस्तकात एक्केचाळीसच आले. आता तुला ती जुनी एक्सएमएल फाइल उघडून बेचाळिसावा शोधायचा आहे, आणि फुकटातला चांगला एडिटर कुठला ते विचारते आहेस.

तर एडिटर.

साधं नोटपॅड उघडेल, पण त्यात टॅग, म्हणजे ओळींभोवती घातलेल्या आपल्या खुणा, आणि मजकूर एकाच रंगात दिसतात. सहा हजार ओळींत तुझे डोळे जातील. नोटपॅड प्लस प्लस घे. हलकं आहे, जुन्या मशीनवर चालतं, आणि शोधायची सोय उत्तम. त्याला एक्सएमएलचं प्लगइन वेगळं जोडावं लागतं. ते जोडलंस की कुठला टॅग उघडा राहिला ते सांगेल. विंडोजवरच चालतं, हे लक्षात ठेव. तुझा लॅपटॉप दुसरा कुठला असेल तर व्हीएस कोड. ते जड आहे, पण एक्सएमएलचं एक्स्टेन्शन टाकलं की चूक तिथल्या तिथे लाल अधोरेखित करतं. त्यात टॅग उघडला की बंद करणारा टॅग ते आपणहून घालतं. ती सोय आधी बंद कर. जुन्या फाइलवर काम करताना मशीनने आपल्या वतीने काही घालू नये. तिसरं एक्सएमएल कॉपी एडिटर. दिसायला साधं, पण फाइल नियमांत बसते की नाही ते तपासायला चांगलं. तुला सध्या तपासायचं नाही, वाचायचं आहे, म्हणून ते नंतर.

देवनागरी चौकोन-चौकोन दिसली तर घाबरू नकोस. एन्कोडिंग यूटीएफ-८ कर. आणि उघडण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेव. हे तुला मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

शोधून बघ. सापडेलच असं मी म्हणत नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
आंबेरकर सर


ठाकुर्ली
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. करिश्मा,
आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. नोटपॅड प्लस प्लस जमलं हे चांगलं झालं. एक्केचाळीस धवले नीट दिसतात, शेवटचा टॅग नीट बंद आहे, एकही एरर नाही, बेचाळिसावा नाही. दुसऱ्या एडिटरमध्येही तेच. आणखी कुठला एडिटर पुसलेलं परत दाखवू शकेल का, असं तू विचारलंस.

नाही. एडिटर फाइलमध्ये जे आहे ते दाखवतो. कितीही चांगला असला तरी.

तू पुढे लिहिलंस, 'सर, चूक माझीच. फोन भरला म्हणून टाइप झाल्यावर रेकॉर्डिंग मी पुसलं आणि फाइल पण नीट सेव्ह केली नसणार. तुम्ही तेव्हा बोललेलात, फाइल माझ्याकडूनच तुटकी आली.' आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. ते कशासाठी घातलंस कळलं नाही.

तू रेकॉर्डिंग पुसलंस हे खरं. तेव्हा सगळेच पुसायचे. त्यात एवढं काही नाही.

तुझी आजी मला आठवते आहे. आपण दोघं तिच्याकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तू तिला लॅपटॉप दाखवत होतीस, की बघ, प्रत्येक ओळीच्या आधी एक टॅग आणि नंतर एक. ती मिठागरावर वाढलेली बाई. म्हणाली, "म्हंजे बांदच की गो. यो सायेब माझे गान्याला बांद घालतंय." आणि तू म्हणालीस, "आजी, सर घरी भाजीला पण टॅग लावतात." मी तेव्हा हसलो नव्हतो, मला टॅगिंगची थट्टा चालत नसे. आता हसू येतं.

गुरुवारी काकींशी माझं बोलणं करून देतेस म्हणालीस. हो, कर. दुपारी घरी आहे.

तुझा,
सर


ठाकुर्ली (पूर्व)
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

करिश्मा,

हे पत्र हाताने लिहितोय. ते तुला इतरांना दाखवावं लागणार आहे, आणि माझं अक्षर काकींना वाचता आलं नाही तरी कुणीतरी वाचून दाखवेल. सोबत एक कागद आहे. तो आत्ता उघडू नकोस. आधी हे वाच.

गुरुवारी तू फोन स्पीकरवर ठेवलास. मागे भांड्यांचा आवाज होता, बायका चार-पाच असाव्यात. काकींनी विचारलं, "सायेब, पुस्तक तुमीच केलाव ना?"

मी हो म्हणालो.

"मंग सांगा. आमचे सासूनी या पोरीला गानी दिली, असा त्यान कंय लिवलाय का? ना म्हंजे ना सांगा, आमचा कंय वाकडा ना."

मी म्हणालो, "पुस्तकात तसं काही नाही."

"मंग झाला," काकी म्हणाल्या. कुणीतरी हसलं. मी तुझ्या बोलण्याची वाट बघत राहिलो आणि तू फोन बंद केलास.

मी बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. नोकरीत मी तीस वर्षं अशीच उत्तरं दिली आहेत. ग्राहकाने विचारलं की फाइल बरोबर आहे का, तर मी सांगायचो, फाइलमध्ये एरर नाही. ती दोन वेगळी वाक्यं आहेत हे त्याला कळायचं नाही आणि मी कळू द्यायचो नाही.

बेचाळिसावा धवला तुझ्याकडून हरवला नाही. तो मी काढला.

क्रमाने सांगतो. मार्च २०१९. कमळाबाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते, तू सुतकात घरी होतीस. पण शेवटची फाइल तू त्याआधीच पाठवली होतीस, बेचाळीस धवल्यांची. ज्या संस्थेला संग्रह द्यायचा होता त्यांची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. त्याच फाइलवरून पुस्तक छापलं जाणार होतं. मी साडेतीनला फाइल तपासायला लावली आणि दोन एरर आल्या. दोन्ही एकाच जागी, शेवटच्या धवल्यात.

पहिली, टॅग बंद नाही. तो तू मुद्दाम उघडा ठेवला होतास, हे मला लगेच कळलं. तुझ्या हातून टॅग उघडा राहायचा नाही. धवला आजीने अर्ध्यावर सोडला होता, म्हणून तूही सोडलास. दुसरी एरर, गाण्याच्या आत बोलणं. कमळाबाई सोळा ओळी गाऊन थांबली होती आणि तुझ्याशी बोलली होती. ते बोलणंही तू तिथेच, गाण्याच्या पोटात टाइप केलं होतंस. आणि गाण्यात फक्त गाण्याच्या ओळी असतील, बोलणं नसेल, हा नियम होता.

तो नियम कुठल्या संस्थेचा नव्हता. नियमांची फाइल मी लिहिली होती. पहिल्या आठवड्यात, दुपारच्या चहाआधी, एकदाही धवला ऐकलेला नसताना. त्यात एक ओळ वाढवली असती तर बोलणं बसलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण मग आधीचे एक्केचाळीस पुन्हा तपासावे लागले असते, आणि मला वाटलं, नियम बदलला की आणखी कुठे काही फुटेल. माझ्या हाताखालून लाल खूण बाहेर जात नाही, याचा मला अभिमान होता. तूच म्हणायचीस ना, सरांना लाल दिसलं की सरांचा बैल होतो.

मी फोन उचलून तुला विचारू शकलो असतो. सुतकातल्या मुलीला कामाचा फोन कसा करायचा, असं स्वतःला सांगितलं. ते कारण इतकं चांगलं होतं की मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

मी तो पूर्ण धवला निवडला आणि डिलीट केला. एरर शून्य. पाचला दहा मिनिटं असताना फाइल गेली. तीच फाइल मी तुझ्या पेन ड्राइव्हवर टाकून परत दिली, तुझ्या जुन्या फाइलवर, म्हणजे ती पुसूनच. तू आत्ता दोन एडिटरमध्ये उघडलीस ती तीच. ती बेचाळिसावा दाखवणार नाही, हे तुला पहिलं पत्र लिहिताना मला माहीत होतं. तरी मी तुला प्लगइन सांगत बसलो.

पुस्तक आलं तेव्हा तू माझ्या टेबलापाशी येऊन विचारलंस, "सर, आजीचा शेवटचा कुठंय?" मी म्हणालो, "तुझ्याकडूनच फाइल तुटकी आली होती, तेवढा भाग मशीनने घेतला नाही." तू पुस्तक मिटलंस. मग म्हणालीस, "माझंच काहीतरी झालं असेल." त्यानंतर तू दीड महिना कामावर होतीस आणि प्रत्येक फाइल मला तीन-तीनदा दाखवायला आणायचीस. जूनमध्ये सोडून गेलीस. लोक म्हणाले, चांगली ऑपरेटर गेली. मीही म्हणालो.

तुमच्या गावात पुस्तकाचा कार्यक्रम झाला तेव्हा मला शाल दिली होती. ती अजून आहे. रसिकाने एकदा कपाटातून बाहेर काढली, मी परत ठेवायला लावली.

गुरुवारी फोन बंद झाल्यावर मी रसिकाला नाशिकला फोन केला आणि हे सगळं पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तिला सांगितलंत?" मी म्हणालो, सांगायचं म्हणतोय, पण सांगून तिच्या हातात काय येणार, फाइल तर नाही. ती म्हणाली, "तुमच्या त्या एररच्या कागदांचं काय? मी फेकायला काढलेले, तुम्ही भांडलात माझ्याशी."

आता सोबतचा कागद उघड.

आपल्या कंपनीची पद्धत तू विसरली नसशील. फाइल तपासली की एररच्या यादीचं प्रिंटआउट निघायचं, आणि ज्याने जी एरर काढली त्याने तिच्यापुढे बरोबरची खूण करून सही करायची. मी माझ्या हातून गेलेल्या महत्त्वाच्या फाइलींचे कागद घरी ठेवले होते. माझ्या कामात किती कमी चुका असत, हे म्हातारपणी बघायला. हा पंधरा मार्च २०१९ चा. वर फाइलचं नाव आहे, वेळ आहे. खाली दोनच नोंदी. दुसरी वाच. मशीन जिथे चूक असते त्या ओळीची सुरुवात छापतं, ठरावीक अक्षरांपर्यंत, आणि मग तोडतं. ती अशी छापलेली आहे:

ओळ ६२१४. कमळाबाई: बाकीचा तू बोल गो करिश्मा. माझे मागारी तूच बो

इथे तुटलं आहे. पुढे माझी बरोबरची खूण आणि माझी सही.

काढताना मी ती ओळ वाचली होती. न वाचता काही काढायचं नाही, हेही मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. माझ्या आठवणीप्रमाणे पुढे होतं, 'माझे मागारी तूच बोलाचा. मना दम लागलाय. तुना येतंय.' पण जे कागदावर आहे तेवढं कागदाचं आणि पुढचं माझ्या आठवणीचं, हे काकींना वेगवेगळं सांग. माझ्या बोलण्यावर गुरुवारी त्यांनी एकदा विश्वास ठेवला आणि तो तुला महागात पडला. या वेळी त्यांना कागद बघू दे.

सोळा ओळी मात्र गेल्या. मला त्यातली पहिली आठवते, 'मांडवाचे मेढीला पान कोनी बांदिला', आणि मग एकेक नातेवाईक येतो आणि पान बांधतो, इतकंच. कोणामागून कोण येतं ते आठवत नाही. मी ते गाणं म्हणून वाचलंच नव्हतं. तुझ्या कानात ते कितपत राहिलंय, हे विचारायचा हक्क मला नाही.

काल मी तुला सुचवला तोच एडिटर इथे उतरवून घेतला. माझ्याकडे संग्रहासोबत राहिलेली नियमांची फाइल उघडली आणि गाण्यात बोलणं चालेल असं लिहिलं. खरंच पाच मिनिटं लागली. एक्केचाळीस धवल्यांपैकी एकही फुटला नाही. संस्थेला पत्र पाठवलं आहे की संग्रहात बेचाळिसावा धवला होता, तो माझ्या हातून काढला गेला, आणि टाइप करणाऱ्या करिश्मा केणे यांची त्यात कसलीही चूक नव्हती. पुढच्या आवृत्तीत तसं छापावं. छापतील की नाही ते त्यांच्यावर.

तीन तारखेला मला बोलावू नकोस, असं मी म्हणणार होतो. ते पुन्हा माझ्याच सोयीचं झालं असतं. बोलावलंस तर येईन, हळदीच्या आधी, बायका जमल्या असताना, आणि हेच तोंडाने सांगेन. शेवंतीकाकी जे बोलतील ते ऐकून घेईन. नाही बोलावलंस तर हे पत्र त्यांच्यासमोर वाच, सगळं, मला वाचवायला कुठली ओळ गाळू नकोस.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू सहा वर्षं स्वतःला जे समजत आलीस ते चुकीचं होतं, एवढं तुला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो.

खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहितोय. कुणाला खात्री करून घ्यायची असली तर माझं दार ठोठावू दे.

हरिहर गोविंद आंबेरकर
खोली ७, दुसरा मजला, स्टेशनमागची जुनी चाळ, ठाकुर्ली (पूर्व)
कमळाबाई केणे यांचे शेवटचे शब्द मी वाचले होते आणि मीच काढून टाकले होते.